पाश्चात्त्य संगीत आणि कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य अभिजात संगीताची ओळख करून देणारा लेख आला, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र आपला गवई मैफलीत राग उभा करतो आणि पाश्चात्त्य वादक कागदावर असेल तेवढेच वाजवतो, अशा आशयाचे त्यातील विधान मला खटकले. गेल्या दीड-दोनशे वर्षांपुरते ते बरेचसे खरे आहे. त्यापूर्वीच्या सुमारे हजार वर्षांना ते लागू पडत नाही.

मी आमच्या पेठेतील भजनी मंडळात तीस वर्षे पेटीची साथ करतो. मंडळाच्या वहीत अभंगाचे शब्द असतात आणि वर चालीचे नाव असते. ज्याने ती चाल कधी ऐकलेली नाही, त्याला वही हातात देऊन उपयोग नसतो. नवव्या शतकात युरोपातील मठांमध्ये स्तोत्रांच्या शब्दांवर ज्या खुणा काढू लागले, त्यांचे काम जवळपास असेच होते. आवाज चढतो की उतरतो एवढे त्या सांगत. किती चढतो, हे शिकवणाऱ्याच्या तोंडूनच घ्यावे लागे. ते गाणेही सर्वांनी मिळून म्हणण्याच्या एकाच सुरावटीचे होते, स्वरमेळ त्यात नव्हता. पुढे १०२५च्या सुमारास इटलीतील आरेत्सो येथे ग्विदो नावाच्या साधूने आडव्या रेषा आखून प्रत्येक सुराची जागा पक्की केली. संत जॉनच्या एका स्तोत्रातील ओळी क्रमाने एकेक सूर वरून सुरू होतात, हे हेरून त्याने त्यांच्या आद्याक्षरांवरून सुरांना उत, रे, मी, फा, सोल, ला अशी नावे दिली. ‘उत’च्या जागी ‘दो’ फार नंतर आले. पूर्वी ज्याला दहा वर्षे लागत, तो गायक या पद्धतीने एक-दोन वर्षांत तयार होतो, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पाठांतराचे ओझे हलके व्हावे, हाच या लेखनामागचा हेतू होता. आपल्याकडे पं. भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या, म्हणून ख्याल कागदावरचा झाला असे कोणी म्हणत नाही.

लेखनाचा खरा मोठा परिणाम वेगळ्या ठिकाणी झाला. सुरांच्या जागा आणि लांबी लिहिता येऊ लागल्यावर अनेक आवाजांना एकाच वेळी निरनिराळ्या सुरावटी देणे शक्य झाले. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलशी निगडित असलेल्या पेरोतँ या रचनाकाराने १२००च्या सुमारास चार आवाजांच्या रचना केल्या. १५०१ मध्ये व्हेनिसला अशा संगीताचा पहिला छापील संग्रह निघाला आणि एका गावचे संगीत दुसऱ्या गावी लवकर पोहोचू लागले. आपल्या आणि त्यांच्या संगीतातला मूलभूत फरक शोधायचा, तर तो मला या बहुस्वरी रचनेत दिसतो.

उत्स्फूर्ततेचे म्हणाल, तर १६००नंतरची सुमारे दीडशे वर्षे साथीच्या वादकापुढे बहुधा फक्त खर्जाची ओळ आणि तिच्यावर काही आकडे लिहिलेले असत. त्या आकड्यांवरून वरचे सूर त्याने जागच्या जागी भरायचे. १७४७ मध्ये जर्मन रचनाकार बाख वयाच्या ६२व्या वर्षी पॉट्सडॅमला गेले असता प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने त्यांना एक सुरावट दिली आणि बाख यांनी तिच्यावर तीन आवाजांचा फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना) तिथल्या तिथे वाजवला. नंतर त्याच सुरावटीवर त्यांनी रचनांचा अख्खा संच लिहून राजाला अर्पण केला. म्हणजे इथे वाजवणे आधी आणि कागद मागाहून. मोझार्ट यांच्या १७८८ मधील एका पियानो कॉन्चेर्तोच्या (एकटा वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेच्या) हस्तलिखितात डाव्या हाताचा बराचसा भाग कोराच आहे, कारण वाजवणारे ते स्वतःच होते. बीथोव्हेन यांनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात केलेल्या चार तासांच्या जलशात पाचवी व सहावी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) प्रथमच वाजली, आणि त्याच रात्री ते पियानोवर पूर्वतयारीशिवायही वाजवून गेले.

बदल नेमका त्यानंतर घडू लागला. कॉन्चेर्तोमध्ये वाद्यवृंद थांबून एकट्या वादकाला मोकळे सोडण्याची जी जागा असे, तिथे बीथोव्हेन यांनी आपल्या पाचव्या पियानो कॉन्चेर्तोत स्वतःचे सूर लिहून ठेवले आणि वादकाने आपले काही घालू नये, अशी सूचना केली. १८२९ मध्ये वीस वर्षांचे रचनाकार मेंडेल्सोन यांनी बर्लिनमध्ये बाख यांचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (ख्रिस्ताच्या मरणकथेवरील मोठी गायन-वादन रचना) पुन्हा सादर केले, तेव्हा बाख यांना जाऊन जवळजवळ ७९ वर्षे झाली होती. तोवर श्रोत्यांना प्रामुख्याने नवे संगीत हवे असे. यापुढे दिवंगत रचनाकारांच्या कृती मैफलींच्या केंद्रस्थानी येत गेल्या, आणि जो माणूस विचारायला उरला नाही, त्याच्या कागदालाच प्रमाण मानणे ओघाने आले. यातून बाख आपल्यापर्यंत पोहोचले, हा लाभ फार मोठा आहे. पण वादकाच्या हातची बढत, म्हणजे आयत्या वेळी केलेला सुरांचा विस्तार, त्यात आटली, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती अगदीच संपली नाही. फ्रान्समधील चर्चमध्ये ऑर्गनवादक आजही उपासनेच्या वेळी उत्स्फूर्त वाजवतात.

पुरवणीत या विषयावर आणखी लेख येणार असतील, तर त्यांपैकी एखादा या लुप्त झालेल्या बढतीवर यावा, ही विनंती. इथल्या ख्याल शिकणाऱ्या मुलांना तो परका वाटणार नाही.

आपला नम्र,
एक पेटीवादक वाचक, सोलापूर