घोळीचा भाव कळला, वय?

मा. संपादक,

जाळ्यात घोळ मासळी मिळाली की पेपरात हेडिंग ठरलेलं, मच्छीमाराला लॉटरी! २०२१ ला पालघरकडच्या मुरबे गावच्या बोटीला १५७ घोळी मिळाल्या, सव्वा कोटीच्या वर गेल्या, आनंदच आहे, एवढं डिझेल जाळून रिकामं परत येणाऱ्याला एखादा दिवस असा मिळायलाच हवा. पण त्यातल्या किती माद्यांनी एकदा तरी अंडी घातली असतील हे कुठल्याच बातमीत वाचल्याचं आठवत नाही, आणि ते सांगायला माशाचं वय माहीत लागतं.

वय काढता येतं हो. घोळ, ढोमा यांच्या डोक्यात पांढरे खडे असतात, ढोमा खाताना कधीतरी दाताखाली आलेच असतील. मासा जिवंत असेपर्यंत त्या खड्यावर चुन्याचे थर चढत राहतात, पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली धरला की खोडातल्यासारखी वलयं दिसतात, लहान पिल्लांत तर रोजचं एक. गंमत अशी की थंड समुद्रात हिवाळ्यात वाढ मंदावते म्हणून वर्षाची रेघ ठळक उमटते, आपलं पाणी बारा महिने कोमट, रेघ पुसट, वर्षाची कुठली आणि मधलीच कुठली हे ठरवताना डोकं फिरतं. म्हणून आपल्याकडे बरेचदा बंदरावर दर महिन्याला ढीगभर माशांची लांबी मोजतात आणि कुठल्या लांबीचे मासे जास्त, ती गर्दी पुढच्या महिन्यात किती सरकली, त्यावरून वाढीचा हिशोब मांडतात. बांगड्याला हे चालून जातं. घोळीला कसं चालणार? मोठी घोळ ढिगात असतेच कुठे, भोतासाठी, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी, ती आधीच बाजूला निघते.

राज्याने २०२३ ला ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, घोळीला ७०० मिमी, हे चांगलंच झालं. पण पट्टीने लांबी कळते, वय नाही, सारख्या लांबीच्या दोन घोळी वेगवेगळ्या वयाच्या असू शकतात.

व्यापाऱ्याला भोत हवा, खड्याला कोण विचारतो? मग सातपाटी, वर्सोवा, ससून डॉक इथल्या मच्छीमार सोसायट्यांनी घोळ कापली जाते तिथून खडे घ्यावेत, पाकिटावर तारीख, लांबी, नर की मादी एवढं लिहावं आणि सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मासे संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राला द्यावेत, धुऊन सुकवले की वर्षानुवर्षं टिकतात, फ्रीज पण लागत नाही. आणि तुम्ही पुढच्या बातमीत भावाच्या शेजारी निदान लांबी तरी छापा, वजन तर देताच.

एक मासेखाऊ वाचक, वसई