मुरमाच्या रस्त्यावर सायकल : टायर, काटे आणि काळी माती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की अमरावती जिल्ह्यात परतवाडा, धामणगाव गढी, चिखलदरा या पट्ट्यात वाकड्या हँडलच्या, जाड टायरच्या सायकली दिसू लागतात. बैठक शर्यतीच्या सायकलसारखी, पण टायर ४० ते ४५ मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि चढाला हलके गिअर, अशी ही ग्रॅव्हल सायकल. डांबर संपले की ती खरी कामाला येते, आणि गाविलगडच्या डोंगररांगेत डांबर संपलेल्या रस्त्यांना तोटा नाही. येणारे लोक मात्र तयारी करतात ती शहरातल्या दुकानदाराचे ऐकून किंवा परदेशी व्हिडिओ पाहून. त्या व्हिडिओत ना काळी माती असते, ना सराटा. म्हणून इथल्या जमिनीला लागू पडेल एवढेच, पण नेमके लिहीत आहोत.

पहिली गोष्ट रस्त्याची. मोबाइलवरचा नकाशा जंगलातून जाणारी सरळ, मोकळी रेघ दाखवतो आणि ॲप त्यावरून बेधडक मार्ग आखून देते. ती रेघ बहुतेक वेळा वनखात्याची जाळरेषा असते. वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला तो पट्टा आहे, रस्ता नव्हे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यातून सार्वजनिक रस्त्याने पार जाता येते. त्या रस्त्यावरून खाली उतरून आत शिरायला परवानगी लागते. सायकलला इंजिन नाही म्हणून सूट मिळते, हा समज चुकीचा आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर मोथा, आमझरी, शहापूर अशा गावांकडे जाणारे रस्ते आणि खाली अचलपूर, चांदूर बाजार तालुक्यांत संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या पांदणी एवढ्यावरही कितीतरी दिवस पुरतील. पुढे जायचे असेल तर नाक्यावर थांबून वनरक्षकाला विचारावे. रस्ता खुला आहे का, एवढेच विचारू नका, आज कोणता टापू टाळायचा हेही विचारा. ते त्याला माहीत असते, नकाशाला नसते.

आता टायर. इथे सायकल अडते ती नव्वद टक्के टायरमुळेच, असे म्हटले तरी कोणी वाद घालणार नाही. काट्यांचे प्रकार तीन, आणि तिन्हींचा इलाज वेगळा. सराटा पावसाळ्यात जमिनीसरशी पसरतो आणि दिवाळीपर्यंत त्याची टणक फळे वाळून रस्त्याच्या कडेला पडतात. त्याचे भोक बारीक, पण एका फेरीत दहा-पंधरा सराटे सहज रुततात. बाभळीचा काटा लांब आणि सरळ. शेताला कुंप करायला फांद्या ओढत नेतात तेव्हा तो पांदणीभर गळतो, आणि टायरच्या तळातून शिरून ट्यूबच्या दोन्ही बाजू भेदतो. म्हणून ट्यूबला एक ठिगळ लावून थांबू नये, समोरची बाजूही पाण्यात धरून पाहावी. बोरीचा काटा वाकडा. तो बाहेरून उपटला की टोक आत मोडून राहते. बोटाने चाचपडू नका, सुती फडके टायरच्या आतून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. चौथा शत्रू काटा नाहीच. तुरीची, पऱ्हाटीची धसकटे विळ्याने तिरपी कापलेली असतात आणि टायरची बाजू चिरतात. बाजूच्या चिरेला ठिगळ पुरत नाही. जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून गेटर म्हणून लावावा लागतो. तो आणायला विसरलात तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडाही गावापर्यंत पोहोचवतो.

सराट्यावर खरा इलाज ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारे द्रव. ७०० × ४० च्या टायरला ६० मिलिलिटर, ४५ ला ७५. शहरात तीन-चार महिने चालणारे सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळते. पत्र्याखाली ठेवलेल्या सायकलीत तर महिन्यातून एकदा व्हॉल्व्हमधून काडी घालून पाहावे. ओली निघाली तर ठीक, कोरडी निघाली तर भर घालावी. भोक तीन मिलिमीटरच्या वर गेले तर सीलंट हात टेकते, तिथे रबरी प्लग ठोसावा लागतो. एवढे करूनही एक ट्यूब सोबत हवीच, कारण टायरची कड रिमवरून निसटली तर हातपंपाने ती परत बसत नाही. आणि इथेच बहुतेक लोक फसतात. सीलंटने ज्या सराट्यांची भोके बंद करून ठेवली होती, त्यांची टोके टायरच्या आत तशीच असतात. नवी ट्यूब घातली की पहिल्याच फर्लांगात ती चाळणी होते. ट्यूब घालण्याआधी टायर उलटा करून प्रत्येक टोक चिमट्याने काढा. वीस मिनिटे जातात, पण दुसरी वाट नाही.

हवा किती भरायची? सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयच्या आसपास. ट्यूब असेल तर दोन्हीकडे सहा-सात वाढवा, नाहीतर दगडावर आपटताच रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. गावातल्या पंक्चरवाल्याने टायर अंगठ्याने दाबून ‘हवा कमी आहे’ म्हणत साठ-सत्तर भरली, तर गोट्यांवर सायकल उड्या मारू लागते. हुक नसलेल्या (टायरची कड अडकवणारा आतला काठ नसलेल्या) रिमला तर ७२ च्या वर हवा धोक्याचीच. दाबमापक खिशात ठेवा.

व्हॉल्व्हचेही तसेच. या सायकलींना बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असतो, आणि गावातल्या पंपाचे तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचे. पितळेचा छोटा ॲडॉप्टर व्हॉल्व्हवरच बसवून ठेवावा, आणि भरण्याआधी तो काढून व्हॉल्व्हच्या टोकाचे बारके नट सैल करावे, मग तो परत बसवावा. ते न केल्याने ‘पंप बिघडला’ अशी तक्रार आम्ही फार ऐकतो. टायर मागताना आकडा सांगा. डबलबार सायकलचे २८ × १½ चाक आणि या ग्रॅव्हल सायकलचे ७०० सी, दोघांनाही लोक २८ इंचीच म्हणतात. पण पहिल्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, कितीही जोर लावा. उलट २९ इंची एमटीबीच्या (जाड टायरच्या डोंगरी सायकलच्या) रिमचा व्यास ६२२च असतो. तालुक्याच्या दुकानात तिची ट्यूब मिळाली तर ४० च्या टायरमध्ये वेळ मारून नेता येते, फक्त व्हॉल्व्ह पाहून घ्या. फ्रेंच व्हॉल्व्हच्या रिमचे भोक साडेसहा मिलिमीटरचे असते, त्यातून मोटरसायकलसारखा साडेआठचा व्हॉल्व्ह जात नाही. रस्त्यावर भोक रुंद करायला कानस घासू नये, रिम तिथून तडकते.

माती ओळखता आली की अर्धे काम झाले. डोंगरात मुरूम, खाली काळी. मुरमावर सर येऊन गेली तर दोन तासांत चाक चालते, उलट फुफाटा बसल्याने पकड सुधारते. काळी माती मात्र पंधरा मिनिटांच्या पावसात सायकल संपवते. ती थरावर थर चढते, त्यात गवताच्या काड्या मिसळतात आणि टायर व फ्रेमच्या मधली सहा-आठ मिलिमीटरची फट बुजून जाते. चाक फिरेना म्हणून माणूस पेडलवर जोर देतो. साखळीत गुंता झालेला असतो, मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जातो आणि ज्या हँगरवर तो टांगलेला असतो तो मोडतो. हा ॲल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा. परतवाड्यात काय, अमरावतीतही लगेच मिळेल याचा भरवसा नाही. आपल्या सायकलचा एक जादा हँगर पिशवीत असलाच पाहिजे. आणि चिखल लागला की पेडल बंद. उतरा, काडीने माती काढा, सायकल खांद्यावर घेऊन बांधाच्या गवतावरून चाला. अवकाळी पाऊस झाला असेल तर त्या दिवशी पांदणीचा बेत सोडून वर बरड जमिनीकडे वळावे.

कोरड्यातही काळी माती साधी नाही. बैलगाडी आणि ट्रॅक्टरने ओल्यात पाडलेली चाकोरी वाळून दगडासारखी होते. चाकोरीत उतरलात तर तिच्यातच राहा; तिरके वर चढायला गेलात तर पुढचे चाक कडेला घासत जाते आणि माणूस आडवा होतो. चाकोरी उथळ होईल तिथे वेग कमी करून, जमेल तितके काटकोनात बाहेर पडावे. फेब्रुवारीनंतर भेगा पडतात. आडव्या भेगेची भीती नाही, चाकाच्या दिशेने पडलेल्या उभ्या भेगेत मात्र ४० चा टायर अलगद उतरतो. रपट्यावर (ओढ्यातल्या बुटक्या पुलावर) पाणी घोट्याखाली असले तरी शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला की उतरून चालावे. तिथे ब्रेकही उपयोगाचा नाही आणि कौशल्यही.

पायथ्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सातशे मीटरच्या वर चढ आहे. डांबरी घाट बरा. आतले मुरमाचे चढ छोटे पण उभे, त्यावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागेवर फिरते. बसूनच, छाती हँडलकडे झुकवून चढावे, आणि त्यासाठी सर्वांत हलका गिअर एकास एक तरी हवा, म्हणजे पुढे ३४ दाते तर मागे ३४. उतरताना ब्रेक सतत चिमटून ठेवू नये, पॅड आणि डिस्क तापून ब्रेक ढिला पडतो. वळणाआधी जोरात दाबून वेग मारावा, मग सोडावा, म्हणजे वाऱ्याने थंड होतो. पॅडवरचा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला की घाट उतरू नये. आमचे मत विचाराल तर या भागासाठी तारेचा डिस्क ब्रेक तेलाच्या ब्रेकपेक्षा चांगला. तार कुठेही मिळते, तेलाच्या ब्रेकमधली हवा काढायचे सामान मिळत नाही. मेकॅनिकला मात्र आधीच सांगून ठेवा की डिस्कच्या आसपास घासलेट किंवा जळके ऑइल न्यायचे नाही. एक थेंब पॅडवर पडला तर ते पॅड फेकावेच लागते. साखळीलाही ओले तेल नको, मुरमाची धूळ त्यात मिसळून घासणारा लगदा होतो. कोरडे किंवा मेणाचे वंगण, आणि रोज संध्याकाळी फडक्याने पुसणे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, हिवाळ्यातही. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्याला, कमी पाण्यात घोळू नये. मार्चपासून मोहाची फुले पडू लागली की अस्वले झाडाखाली येतात, आणि फुले वेचणारी माणसेही. पहाटे आणि दिवस कलल्यावर सायकल काढू नका. वळणाआधी घंटी वाजवा, सायकलचा मुळीच आवाज नसणे हेच जंगलात धोक्याचे आहे. गुरांमागचे कुत्रे अंगावर आले तर पळवू नका. उतरा आणि सायकल मध्ये धरा.

आता दोन शब्द रस्ते करणाऱ्यांना. पांदण रस्त्याचे खडीकरण म्हणजे मुठीएवढी गिट्टी टाकून मोकळे होणे, असे अनेक ठिकाणी दिसते. खडीकरणात ही मोठी गिट्टी खालचा थर असते. तिच्या फटी बारीक गिट्टीने आणि वर मुरमाने भरून, पाणी मारून रोलर फिरवल्याशिवाय ती बसत नाही. नुसत्या गिट्टीवर बैलाचे खूर फाटतात, संत्र्याची गाडी हेलकावे खाते, सायकलचे तर विचारूच नका. मुरमात थोडी चिकण हवी, पण काळी माती नको, कारण ती पाण्याने फुगते आणि थर उचलून टाकते. रस्त्याला मधून कडेकडे तीन टक्क्यांच्या आसपास ढाळ आणि दोन्ही बाजूंनी मोकळी नाली असली, तर मुरमाचा रस्ता डांबराशिवाय पावसाळे काढतो. नाली नसेल तर डांबरही वाहून जाते. पांदण रस्त्यांच्या सरकारी योजनेतून कामे घेणाऱ्या ग्रामपंचायतींनी मोजमाप करताना गिट्टीइतकेच नालीकडेही पाहावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तालुक्याच्या पानावर आठवड्यातून एकदा नाक्यांच्या वेळा, बंद असलेले रस्ते आणि कुठे पाऊस झाला हे चार ओळींत छापता येईल का? वनपरिक्षेत्र कार्यालय आणि तहसील, दोन ठिकाणी फोन केला तर माहिती मिळते. पाहुण्या सायकलस्वाराला गेटवरून परत फिरावे लागणार नाही, आणि वनरक्षकाला तेच उत्तर दिवसभर द्यावे लागणार नाही.

आपले,
परतवाडा-चिखलदरा परिसरातील काही सायकलस्वार व सायकल मेकॅनिक