परसातल्या घरट्यासाठी खांब

पुणे, ९ जानेवारी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर कितीही सांगितलं तरी दुकानात उभं राहिल्यावर मापांचा गोंधळ होतो, म्हणून लिहून पाठवते. हा कागद खिशात ठेव.

घरट्याची पेटी छान आहे. ती आंब्याच्या फांदीला बांधायचा विचार मात्र सोड. फांदीवर मांजर निवांत बसून आत पंजा घालतं, आणि खारींना तर ती रोजची वाट. कंपाउंडच्या भिंतीचंही तेच. पेटी आपण लावायची, तिच्या भरवशावर पाखरानं अंडी घालायची आणि ती मांजरानं खायची, हे मला सहन होणार नाही. पेटीपेक्षा खांबाला जास्त पैसे लागले तरी लागू देत.

बांबू नको. जमिनीतला भाग कुजतो, वाळवी लागते, आणि मांजराला नखं रोवायला आयती जागा मिळते. पीव्हीसी पाइप वाऱ्यात झुलतो. पाणीपुरवठ्याच्या नोकरीत मी जन्मभर पाइपच हाताळले, त्यामुळे इथे माझं ऐक: दीड इंची जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) घे, मीडियम, म्हणजे बी क्लास. त्यावर निळा पट्टा असतो. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास स्वस्त पडतो, पण तो पातळ असतो. अख्खा पाइप २० फुटी येतो, तुला १० फूट पुरे. तुमच्या भागातल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकडा मिळतो का ते आधी बघ. एका टोकाला आटे पाडून घे, त्यावर फ्लँज, म्हणजे बोल्टची भोकं असलेली चकती, बसवून पेटीचा तळ बोल्टने आवळायचा. फ्लँज, नटबोल्ट बोहरी आळीत मिळतील.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नकोस. दोन इंची पाइपचा अडीच फुटी तुकडा स्लीव्ह म्हणून गाड आणि खांब त्यात उभा कर. दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४८ मिमी, दोन इंचीचा आतला साधारण ५३, त्यामुळे तो सहज सरकतो. स्लीव्हच्या वरच्या भागात आरपार बोल्ट टाकला की खांब फिरत नाही. पुढे पेटी साफ करायची झाली तर बोल्ट काढून दोघांनी खांब उचलायचा. शिडी लागत नाही.

खड्डा अडीच फूट खण, रुंदी फूटभर. वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून मुरूम लागला पाहिजे. नाही लागला तर आणखी खाली जा आणि जास्तीची खोली खडीने भर. स्लीव्हचं खालचं तोंड उघडं ठेवून खडीत बसव, म्हणजे आत शिरलेलं पाणी झिरपून जाईल. मग भोवती काँक्रीट. स्लीव्ह अर्धा फूट जमिनीवर राहू दे, आणि काँक्रीटला वर बाहेरच्या बाजूने उतार दे. जीआय पाइप गंजतो तो नेमका मातीलगत, पाणी साचतं तिथे. नंतर आठवडाभर काँक्रीटवर पाणी मारत राहा.

मांजर गुळगुळीत पाइपावरूनही चढतं, धामणीला तर काहीच अडत नाही. कोकणात उंदरांसाठी नारळाच्या खोडाला पत्रा ठोकतात ना, तोच उपाय इथे थोडा बदलून करायचा. पत्र्याचं आठ इंच रुंद, दोन फूट लांब नळकांडं करून घे, वरून बंद, खालून उघडं. ते खांबावर जमिनीपासून चार ते सहा फुटांच्या मध्ये टांगायचं. खालून चढणारा प्राणी त्याच्या आत शिरतो आणि तिथेच अडतो. कुणी ग्रीस लावायला सांगेल, ते अजिबात नको. ग्रीस पिसांना लागलं तर पक्षी हकनाक मरतो. आंब्यापासून आणि भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर हवं, नाहीतर वरून उडी बसेल आणि ही सगळी मेहनत वाया.

पेटीचं तोंड ईशान्येला ठेव. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, आणि एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पिल्लांना भाजून काढतं.

राहता राहिलं भोक. तुझी पेटी ३२ मिमीची, म्हणजे चिमणीची, आणि चिमणीला वळचण आवडते; ती मागच्या पत्र्याखाली लाव. खांबावर दयाळासाठी दुसरी पेटी करू, ५ सेंमी भोकाची. तुमच्या टाकीवर शेपटी उभारून, पंखावरची पांढरी पट्टी दाखवत पहाटे शीळ घालतो, तोच तो. मार्चपासून तो जागा शोधू लागेल, म्हणून फेब्रुवारीत खांब उभा हवा. एकदा अंडी घातली की पेटीला हात लावायचा नाही. घरट्याला त्रास देणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे.

खड्डा शनिवारी खणून ठेव, खडी-सिमेंट आणून ठेव. काँक्रीट मात्र मी आल्याशिवाय टाकू नकोस. ओळंबा माझ्याकडे आहे, रविवारी सकाळी घेऊन येते. चि. सौ. मृण्मयीला आशीर्वाद.

तुझी,
आई