घोरपड खरंच माणसाला पेलते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात भावाच्या मुलीला घेऊन सिंहगडावर गेले होते, चौथीत आहे ती. घोरपडीला दोर बांधून तानाजी मालुसरे जो कडा चढले असं सांगतात, त्या तानाजी कड्यापाशी बराच वेळ खाली बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "आत्या, घोरपड केवढी असते गं?" मी हात पसरून दाखवलं. तर म्हणे, मग एवढीशी घोरपड मोठ्या माणसाला कशी पेलेल, दोर तुटला नाही तरी ती निसटेलच की. शेजारी एक गृहस्थ होते त्यांनी तिला तिथल्या तिथे झापलं, महाराजांच्या इतिहासावर शंका घ्यायची नसते म्हणून. पोरगी एवढंसं तोंड करून बसली, नंतर पिठलं-भाकरी खाताना पण गप्पच, दह्याच्या मडक्याकडे तर बघितलंही नाही. ते माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाहीये म्हणून हे पत्र लिहितेय.

मुळात तिने महाराजांवर शंका घेतलीच नव्हती हो. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदांनी जिंजीला बखर लिहिली, सिंहगडाच्या लढाईला तेव्हा तीस वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि त्यात दोन मावळे वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ म्हणजे शिडी लावली आणि तानाजीसकट 300 माणूस वर गेलं एवढंच आहे, घोरपड कुठेही नाही. घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात, तिचं नाव यशवंती, ती अर्ध्यातून माघारी फिरते, तानाजी तिच्यावर चिडतो, आणि डफावर थाप पडून ते ऐकलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पोवाडा मला जिवापाड आवडतो आणि तो पोवाडा म्हणूनच पोरांना ऐकवावा असं मला वाटतं. पण मोठ्यात मोठी घोरपड भरते सात किलोच्या आसपास, हे पोरीला कळतंय तर तिला गप्प कशाला करायचं? माघ वद्य नवमीची रात्र, 4 फेब्रुवारी 1670, अंधारात नुसत्या हातापायांनी तो कडा चढायचा, मला तर हे जास्त थोर वाटतं.

आणि हा एकच प्रश्न नाहीये. "गड आला पण सिंह गेला" म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असं आपण सगळेच शिकलो, पण महाराजांच्या 1663 च्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे, म्हणजे तानाजी पडायच्या सात वर्षं आधी! हे मला स्वतःला चाळिशीत कळलं, शाळेत कुणी बोललंच नाही.

आता यातली खरी गंमत घोरपडे आडनावात आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्यात परंपरेने सांगतात की त्यांच्या पूर्वजांनी बहमनी काळात खेळणा म्हणजे आत्ताचा विशाळगड घोरपडीला दोर बांधून सर केला, म्हणून 1471 मध्ये सुलतानाने राजा घोरपडे बहादर हा किताब दिला. त्याआधी ते भोसलेच, आणि मूळ चितोडच्या सिसोदिया राणा घराण्याचं, असं ते घराणं सांगतं. त्यांच्याकडच्या फर्मानांवरून इतिहासकारांत वाद आहेत ते असोत. पण विशाळगडाची गोष्ट सिंहगडाच्या जवळजवळ 200 वर्षं आधीची सांगितली जाते, मग आधीची घोरपड कुठली? एका गडाची गोष्ट दुसऱ्या गडावर गेली असेल का? मला असं वाटतं की गेली असावी, पण हा माझा अंदाज झाला, जाणकारांनी लिहावं.

आडनावावरून रक्त ठरवणाऱ्यांना तर इचलकरंजीचं उदाहरण द्यायला हवं. तिथले घोरपडे मूळचे जोशी! नारो महादेव जोशींनी सेनापती संताजी घोरपड्यांच्या पदरी चाकरी केली, मोठे झाले आणि धन्याचं आडनाव लावलं, तेच पुढे पिढ्यान् पिढ्या चाललं. हल्ली व्हॉट्सॲपवर रोज कुणी ना कुणी आपलं घराणं थेट कुठल्यातरी राजाला नेऊन जोडतं, आणि कागद विचारला की ग्रुपमधून काढतात. अहो, विचारलं म्हणून अपमान कसा होतो?

तर माझी विनंती एवढीच, आपल्या पेपरात आठवड्याला एक कोपरा अशा प्रश्नांना द्या, पोवाड्यात काय आहे, बखरीत काय आहे, पत्रात काय आहे, शेजारी शेजारी छापा, जाणकारांकडून लिहून घ्या. आणि कापशी, मुधोळ, सोंडूर, इचलकरंजी, कुठलेही घोरपडे हे वाचत असतील तर त्यांनी जरूर कळवावं, तुमच्या घरी आजी-आजोबा ही गोष्ट कशी सांगायचे, गड कुठला सांगायचे, घोरपडीला नाव होतं का. भाचीने वहीच्या मागच्या पानावर हे तिन्ही प्रश्न लिहून खाली जागा सोडलीय, उत्तर आलं की तिथे लिहायचंय तिला.

आपली नेहमीची वाचक,
एक आत्या, पुणे