खणून झाल्यानंतरचं काम

सॅलिसबरी

प्रिय मेधा,

रेवाला पुरातत्त्वात जायचंय आणि तेही थेट ब्रिटनच्या नवाश्मयुगात, हे वाचून आधी हसू आलं, मग जरा धास्ती वाटली. "तू त्यातलीच आहेस, तिला नीट समजावून सांग," असं लिहिलंस. समजावू म्हणजे परावृत्त करू की उत्तेजन देऊ, ते मात्र लिहिलं नाहीस! मी दोन्ही करणार नाही. आमच्या कामाचा जो भाग टीव्हीवर दिसत नाही, तेवढा लिहिते. पत्र तिलाही वाचायला दे.

तिच्या डोक्यात स्टोनहेंज असणारच, तर तिथूनच सुरुवात करते. १९१९ ते १९२६ या काळात विल्यम हॉली नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं तिथला जवळजवळ अर्धा भाग खणून काढला, बराचसा एकट्याच्या बळावर. कडेच्या खड्ड्यांमध्ये, ज्यांना ऑब्री खड्डे म्हणतात, त्याला दहन केलेल्या माणसांच्या अस्थी सापडल्या. त्या काळी जळक्या हाडांतून काही कळतं असं कुणाला वाटत नव्हतं, संग्रहालयंही घ्यायला तयार नव्हती. मग १९३५ मध्ये त्या सगळ्या अस्थी एकत्र करून सात नंबरच्या खड्ड्यात परत पुरल्या. २००८ मध्ये त्या पुन्हा बाहेर काढल्या गेल्या. पुढे हाडांमधल्या स्ट्रॉन्शियमवरून (हे मूलद्रव्य जिथलं अन्न खाल्लं त्या जमिनीची खूण हाडात ठेवतं) दिसलं की यातले काही जण आयुष्याची शेवटची वर्षं या खडूच्या प्रदेशात राहिलेले नव्हते, बहुधा पश्चिम वेल्सकडचे होते. स्टोनहेंजचे निळे दगड जिथून आले, तोच मुलूख! शोध मोठाच. पण कुठली अस्थी कुठल्या खड्ड्यातली, हे आता ठरवता येत नाही, कारण सगळं एकत्र झालेलं. हॉलीला मी दोष देत नाही. आज आपण जे निरुपयोगी म्हणून टाकतोय, त्यातही असं काहीतरी असणारच.

हॉलीनंतर रिचर्ड ॲटकिन्सन आणि त्यांचे दोन सहकारी. १९५० ते १९६४. खणण्याची शिस्त उत्तम, बोलणं मोहक, स्टोनहेंजवरचं त्यांचं लोकांसाठी लिहिलेलं पुस्तक गाजलं. १९६८ मध्ये सिल्बरी या माणसांनी रचलेल्या टेकडीच्या पोटात त्यांनी बोगदा खणला, तोही बीबीसीच्या कॅमेऱ्यांसमोर. पण स्टोनहेंजचा सविस्तर अहवाल? तो त्यांच्या हातून कधीच झाला नाही. कार्डिफला विभाग उभा करायचा होता, विद्यापीठाचा कारभार होता, नंतर तब्येत. १९९४ मध्ये ते गेले आणि १९९५ मध्ये रोझामंड क्लील, कॅरेन वॉकर, रेबेका माँटग्यू या तिघींनी हॉली-ॲटकिन्सन वगैरे सगळ्यांच्या वह्या, नकाशे, फोटो जुळवून विसाव्या शतकातल्या उत्खननांचा जाडजूड ग्रंथ काढला. आता रस्त्यावर कुणालाही विचार, ॲटकिन्सन एखाद्याला तरी माहीत असेल, या तिघींपैकी एकही नाही. आम्ही मात्र तोच ग्रंथ रोज उघडतो.

एव्हबरीच्या दगडी वर्तुळाची गोष्ट याच जातीची. मुरंब्याच्या व्यवसायातून आलेली श्रीमंती असलेल्या अलेक्झांडर कीलरनं विंडमिल हिल ही जवळची टेकडी खणली, मग एव्हबरीचे पडलेले, गाडलेले दगड उभे केले. १९५५ मध्ये तो गेला, तेव्हा काम कागदावर अर्धवटच होतं. ते इसोबेल स्मिथ या बाईंनी हातात घेतलं आणि १९६५ मध्ये छापून पूर्ण केलं. दुसऱ्याच्या नोंदवह्या, दुसऱ्याची अक्षरं, दुसऱ्याच्या चुका, आणि त्यातून नवाश्मयुगीन दक्षिण इंग्लंडचा एक पायाभूत ग्रंथ! माझ्या लेखी या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस कोण, असं रेवानं विचारलं तर मी याच बाईंचं नाव घेईन.

हे मी इतकं का घोळवतेय? कारण खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. जे लिहून ठेवलं आणि जे जपून ठेवलं, तेवढंच उरतं. वेस्ट केनेटची लांब समाधी बघ. १९५५-५६ मध्ये स्टुअर्ट पिगट (ॲटकिन्सनच्या त्या दोन सहकाऱ्यांपैकी एक) आणि ॲटकिन्सन यांनी तिचं उत्खनन केलं, पिगटनी १९६२ मध्ये अहवाल काढला, हाडं सांभाळून ठेवली गेली. सगळ्यांची समजूत अशी, की इथे पिढ्यान्‌पिढ्या, शेकडो वर्षं माणसं पुरली. मग या शतकाच्या पहिल्या दशकात ॲलेक्स बेलिस, अलास्डेअर व्हिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हाडांचे कार्बनकाल काढले, म्हणजे त्यांतल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून वयं ठरवली, थरांच्या क्रमाची माहिती त्यांत सांख्यिकी पद्धतीनं गुंफली, आणि निघालं काय, तर मुख्य दफनं इ.स.पू. ३६५०च्या आसपास जेमतेम एका पिढीच्या आत झालेली. म्हणजे आत ठेवलेली माणसं बहुधा एकमेकांना ओळखत होती. इतकं जुनं काही आणि त्यात आजी, मुलगा, नातू इतक्या जवळचा हिशोब! हे वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. नवी एकही कुदळ न मारता हे कळलं.

पिगटची दुसरी गंमत रेवाला जरूर सांग. १९५४ मध्ये त्यांनी ब्रिटिश नवाश्मयुगावर भलामोठा ग्रंथ लिहिला आणि त्याचा आरंभ इ.स.पू. २०००च्या सुमारास धरला. काही वर्षांतच स्टोनहेंजजवळच्या डरिंग्टन वॉल्स या नवाश्मयुगीन स्थळाचा कार्बनकाल आला, तो त्यांच्या हिशोबाच्या कितीतरी आधीचा. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं हा अमान्य आहे, असं त्यांनी छापून टाकलं. चुकले ते. आज आपण आरंभ इ.स.पू. ४०००च्या आसपास मानतो. पण त्यांनी खापरांची आणि समाधींची जी मांडणी केली होती, तिच्यावर पुढचे लोक उभे राहिले. निष्कर्ष पडला तरी नोंदी पडत नाहीत, हे यातलं मला आवडतं.

आता परिसराबद्दल. एकेक स्मारक सुटं बघणं मागच्या पिढीतच मागे पडलं. वेस्ट केनेटवरून सिल्बरी टेकडी समोर दिसते, विंडमिल हिल आणि एव्हबरीही चालत जाण्यासारखी, म्हणून पाहुण्यांना वाटतं सगळं एकदमच बांधलं. पण समाधी आणि सिल्बरी यांच्यात बाराशेच्या आसपास वर्षं आहेत. सिल्बरीवर माती ओतणाऱ्या माणसांना ती समाधी पुराणकाळातलीच वाटत असणार. हे कळायला पायी फिरावं लागतं, पावसात, चढउतारावर, नकाशा हातात घेऊन. मग भूभौतिक सर्वेक्षण, हवाई छायाचित्रं, लायडार (विमानातून लेसरनं घेतलेला जमिनीचा नकाशा). २०२० मध्ये डरिंग्टन वॉल्सभोवती दोन किलोमीटरहून रुंद असं खड्ड्यांचं कडं जाहीर झालं. काही जण म्हणाले, हे खडूतले नैसर्गिक खळगे आहेत. भांडण जोरदार झालं. मला त्यात मजा आली.

पण बहुतेकांच्या वाट्याला असली कडी येत नाहीत. १९९० पासून इंग्लंडमध्ये बांधकाम करणाऱ्यानं आधी पुरातत्त्वाचा खर्च उचलावा असा नियोजनाचा दंडक आला, आणि आमच्यातले बहुतेक जण त्यावर जगतात. हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलखाली साडेतीन किलोमीटरहून लांब नवाश्मयुगीन कर्सस (चर आणि बांधांनी आखलेला लांबट पट्टा) होता, तो असाच तपासला गेला. एरवी काम म्हणजे जेसीबीच्या मागे उभं राहून मातीचा रंग बदलतो का ते बघायचं. अनेकदा बदलत नाहीच. करार काही महिन्यांचे, गाव सारखं बदलतं, गुडघे चाळिशीतच बोलू लागतात, पगाराचं न बोललेलं बरं. मी आधी ज्या युनिटमध्ये, म्हणजे बांधकामाआधीची उत्खननं करणाऱ्या संस्थेत होते, तिथे अहवाल लिहायचे दिवसच अंदाजपत्रकात कापत. आम्ही रात्री घरी बसून लिहायचो.

अशा अहवालांचे ढीग लागलेत, छापलेले नसतात, कुणी वाचत नाही. अपवाद रिचर्ड ब्रॅडलींचा. रेडिंगला प्राध्यापक होते, पण स्वतः युनिटांच्या दारी जाऊन हे ढीग वाचले आणि त्यावरून ब्रिटन-आयर्लंडचा प्रागितिहास नव्यानं मांडला. माझ्यासारख्या कुणीतरी तिसऱ्या परिशिष्टात नोंदवलेला एखादा खड्डाही त्यांच्यासारख्याच्या हाती पोचू शकतो, एवढ्यावर मी बरीच वर्षं काढलीत.

तर रेवाला दोन कामं सांग. एक, सुट्टीत कुठल्यातरी उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जाऊ दे, पण खणायला नाही. खापरं धुणं, क्रमांक टाकणं, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावणं, हे दोन आठवडे करू दे. दुसरं, इसोबेल स्मिथ बाईंचा तो १९६५चा ग्रंथ ग्रंथालयातून मिळव आणि तिला खापरांचं प्रकरण वाचायला सांग. कंटाळा आला तर मला खुशाल कळवा, तिला मी दुसऱ्या चांगल्या वाटा सुचवीन. आणि मध्येच कुठे थांबून तिनं एखादं चित्र उतरवून घेतलं, तर मात्र मला फोन कर, रात्री कितीही वाजता. मग विद्यापीठांचं आणि शिष्यवृत्तीचं आपण सविस्तर बोलू.

तुझी,
वसुधा