भोपळाही मोजायचा असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिष्यवृत्तीच्या एका सराव पुस्तिकेत ‘सर्वांत लहान पूर्ण संख्या कोणती?’ या प्रश्नाचं उत्तर ० ऐवजी १ छापलं आहे. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांनी ते तसंच पाठ केलं होतं. छपाईतली चूक दुरुस्त करता येते. पण ‘मग ७ वजा ७ किती?’ असं विचारल्यावर ‘शून्य’ म्हणणाऱ्या मुलांना ते शून्य कुठल्या संख्यांत बसतं हे सांगता येईना, याचं मला जास्त वाईट वाटलं. नैसर्गिक संख्यांत (१, २, ३…) शून्य घेतलं की पूर्ण संख्या, एवढं फळ्यावर लिहून आपण पुढचा धडा घेतो, तिथेच हे राहून जातं.

रविवारी मी मैदानावर गुणलेखकाचं काम करतो. मुलांपुढे स्कोअरबुकच उघडलं. फलंदाजाचे डाव १, २, ३ असे मोजतात. शून्यावा डाव कुणी खेळत नाही. या नैसर्गिक संख्या. धावांची सुरुवात मात्र ० पासून, म्हणून त्या पूर्ण संख्या. भोपळा घेऊन परतलेला आणि फलंदाजीलाच न आलेला, दोघांच्या नोंदी वेगळ्या. ऑस्ट्रेलियाचे फलंदाज ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी डावात, १४ ऑगस्ट १९४८ रोजी, लंडनच्या ओव्हलवर इंग्लंडचा गोलंदाज हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत झाले. कसोटी धावा होत्या तेवढ्याच राहिल्या, ६,९९६. पण बाद होण्याची संख्या ६९ ची ७० झाली आणि १०१.३९ ची सरासरी (धावा भागिले बाद होण्याची संख्या) ९९.९४ वर आली. धावांत काहीच न घालणाऱ्या शून्यानं हे केलं! मुलांनी भागाकार स्वतः करून पाहिला.

मग हमखास प्रश्न येतो: सर, पूर्ण संख्या एकानं जास्त ना? वहीत एका ओळीत १, २, ३, ४ लिहायला सांगावं, खालच्या ओळीत ०, १, २, ३. कितीही पुढे गेलं तरी प्रत्येकाला जोडीदार मिळतो, कुणीच उरत नाही. म्हणजे दोन्ही सारख्याच. अनंत संच असे जोड्या लावून तोलायची रीत जर्मन गणिती कँटरनं एकोणिसाव्या शतकात पक्की केली. सहावीच्या मुलाला ती दोन ओळींत पटते. हा आनंद आपण त्यांना का देत नाही?

आणखी एक. शालेय पुस्तकांत नैसर्गिक संख्या १ पासून, तर वरच्या वर्गांतल्या कित्येक पुस्तकांत ० पासून धरतात. नैसर्गिक संख्यांचे मूळ नियम मांडणाऱ्या खुद्द इटालियन गणिती पेआनोनं १८८९ मध्ये १ पासून आरंभ केला आणि पुढे ० पासून. दोन्ही संकेत चालतात, पण मुलांना हे कुणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात ‘या पुस्तकात नैसर्गिक संख्या १ पासून मानल्या आहेत’ एवढी ओळ घालावी आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांतही तसा स्पष्ट उल्लेख असावा, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षक, मिरज