सेवेला निघालात, पण बोलावलंय कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘परदेशात दोन आठवडे समाजसेवा’ अशा जाहिराती फिरू लागतात. राहणं, जेवण, एखादी जंगलसफारी आणि शेवटी प्रमाणपत्र, असा सगळा बेत एका रकमेत. मुलं हरखून जातात, पालक पैशांची जुळवाजुळव करतात, आणि तिथल्या माणसांनी बोलावलंय का, हे मात्र कुणी विचारत नाही. परदेशी स्वयंसेवेला जाणाऱ्यांची तयारी करून घेण्याचं काम आम्ही काही जण करतो, म्हणून हे पत्र.

२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात आणि आंबेवाडी-चिखलीत बाहेरून आलेल्या मदतीचं काय झालं, ते जिल्ह्याने पाहिलं आहे. विचारून आलेल्यांनी गाळ उपसला, जनावरांना चारा पोचवला. न विचारता आलेले जुन्या कपड्यांचे गठ्ठे रस्त्याकडेला भिजत पडले. देणाऱ्याच्या सोयीने आलेली मदत घेणाऱ्याला निस्तरावी लागते, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. तरी आपण नेपाळ, केनिया किंवा कंबोडियाला निघालो की नेमकं हेच विसरतो.

आधी पैशांचं. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली सुरू झाला, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. तो उमेदवाराकडून एक पैसा घेत नाही, उलट दरमहा निर्वाहभत्ता देतो. ब्रिटनमध्ये १९५८ ला सुरू झालेली व्हीएसओ ही संस्थाही भत्ता देते. अर्थात अशा ठिकाणी हातात कसब आणि अनुभव असलेली माणसं घेतात, नुकत्याच पदवी मिळालेल्याला सहसा जागा मिळत नाही. ती पोकळी पैसे घेणाऱ्या कंपन्या भरून काढतात. पैसे घेणं म्हणजे लबाडीच असं आम्ही म्हणणार नाही, कारण जेवणाचा आणि विम्याचा खर्च कुणीतरी सोसायचाच. पण भरलेल्या रकमेतले किती रुपये तिथल्या संस्थेच्या हाती पडतात, हे लेखी मागावं. गेल्या महिन्यात हे काम कोण करत होतं आणि आपण परतल्यावर कोण करणार, हेही विचारावं. उत्तर ‘दुसरा स्वयंसेवक’ असं आलं, तर ते काम गावासाठी नाही, स्वयंसेवकांसाठी काढलेलं आहे.

अनाथाश्रमाबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे: जाऊच नये. कंबोडियात २०११ मध्ये झालेल्या पाहणीत अनाथाश्रमांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. पाहुणे येतात, देणग्या मिळतात, म्हणून आश्रम भरलेले ठेवायला गरीब घरांतली मुलं आणली जातात. शिवाय दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. त्याचा लहान मुलावर जो परिणाम होतो, तो प्रमाणपत्रावर छापलेला नसतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या प्रकाराची दखल आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात घेतली, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेला आवर घालण्याचं आवाहन केलं. मुलांमध्ये काम असूनही कंपनी पोलीस पडताळणीचा दाखला मागत नसेल, तर तिथूनच मागे फिरावं. हा दाखला पासपोर्टच्याच संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो.

दुसरा नियम सोपा आहे. जे काम इथे करायची परवानगी नाही, ते तिथेही करायचं नाही. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने इथे टाके घातले तर गुन्हा, आणि तिकडे घातले तर ‘अनुभव’, हे कसं चालेल? पदवी असलेल्या डॉक्टरलाही त्या देशाच्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते, अगदी शेजारच्या नेपाळमध्येही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ व्हिसाचा. ‘टूरिस्ट व्हिसावर चला, कुणी विचारत नाही’ असं सांगणारे दलाल आहेत. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. टांझानियात स्वयंसेवकाला ‘क’ वर्गाचा निवासी परवाना लागतो. पकडलं तर दंड भरायचा आपण, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते नमूद करायचंही आपणच. पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का, लागणार असेल तर आधी राज्याची साक्षांकनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाची. याला वेळ लागतो, तेव्हा तिकीट काढून झाल्यावर धावाधाव करू नये.

आता तब्येतीचं. केनिया किंवा युगांडाला जाणाऱ्याला पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्यावीच लागते. गंमत अशी की भारतातून जाताना ती कुणी विचारली नाही तरी परत येताना आपलंच सरकार विचारतं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रावरच घ्यायची असते, आधी नोंदणी करून. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी टोचलेली हवी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर ग्राह्य आहे, तेव्हा ‘दहा वर्षं झाली, परत घ्या’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा वय साठीपुढचं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. ही जिवंत लस आहे. गोवरासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाही तर मध्ये २८ दिवस सोडून.

हिवतापाच्या गोळ्यांत लोक चुकतात ते घरी आल्यावर. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. बॅग उघडली, आईच्या हातचं जेवण झालं की गोळ्यांची पट्टी कपाटात जाते. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, उभ्याने किंवा बसून घ्यावी. झोपताना कोरडी गिळली तर अन्ननलिकेला जखम होते. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता ‘आफ्रिकेतून आलोय’ हे पहिलं वाक्य सांगावं. कोल्हापुरात पावसाळ्यात ताप म्हटला की डेंगीकडे बोट जातं, आणि तिकडचा फाल्सिपारम हिवताप एक-दोन दिवसांत माणसाला अत्यवस्थ करतो. रक्ताची तपासणी त्याच दिवशी हवी. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं बरोबर ठेवू नयेत. इतर औषधंही मूळ नावाच्या चिठ्ठीसह, वेष्टनातच न्यावीत.

पूर्व आफ्रिकेत पहिल्या आठवड्यात फजिती होते ती घड्याळाने. स्वाहिली बोलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्तावर बारा महिने सूर्य जवळजवळ एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही मोजणी तिथे बरोबर बसते. ‘सकाळचे दोन’ म्हणजे आपले आठ. मोबाइलवर आणि एसटीसारख्या बसच्या तिकिटावर आपली वेळ असते, बोलण्यात त्यांची. सभा ठरवताना दोन्ही वेळा उच्चारून घ्याव्यात, नाही तर माणसं येऊन, वाट बघून गेलेली असतात आणि आपण ‘इथे वेळ पाळत नाहीत’ म्हणून वहीत लिहितो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे, आपण तिथे कोरी पाटी घेऊन जात नाही. १८९६ ते १९०१ मध्ये केनियातल्या मोंबासा बंदरापासून रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले गेले. पुढे हिंदी दुकानदार गावोगाव पसरले. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. आजही हिंदी चेहरा, म्हणजे ‘मुहिंदी’, म्हटला की अनेकांना गल्ल्यामागे बसलेला शेठ आठवतो. तेव्हा ‘हा काय विकायला आलाय’ हा संशय रास्त धरावा, रागावू नये. कुणाच्या घरच्या व्यवहारात, उसनवारीत पडू नये. आणि कामाचं बोलण्याआधी घरच्यांची, गुरांची, पावसाची विचारपूस पूर्ण होऊ द्यावी. आपल्याकडे खेड्यात हेच करतात, परदेशात गेल्यावर का कोण जाणे घाई सुटते.

मग कोल्हापूरकराने न्यावं काय? आमच्या मते, हातातलं कसब. पश्चिम केनियात काकामेगाच्या आसपास उसाचा पट्टा आहे, छोटी गुऱ्हाळंही आहेत. गुळाला तिकडे ‘सुकारी न्गुरू’ म्हणतात. इथला तरबेज गुळव्या पाकाचे थेंब गार पाण्यात सोडून गोळी बघतो. ही नजर सुटकेसमध्ये बसत नाही, म्हणून थर्मामीटर न्यायचा आणि आकडा सांगायचा: आधण, म्हणजे काहिलीतला (मोठ्या कढईतला) उकळता पाक, ११८ अंशांच्या सुमारास उतरवा. इथेच घात होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. काकामेगा दीड हजार मीटरवर, तिथे ९५ ला. म्हणजे इथलं ११८ चं आधण तिथे ११५ च्या आसपासच तयार होतं. आकडा पाठ करून गेलेला माणूस तीन अंश जास्त उकळतो, पाक करपतो, गूळ काळा पडतो आणि दोष उसाच्या जातीला दिला जातो. म्हणून आधी तोच थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवावा आणि येईल त्या आकड्यावर २० अंश धरावेत. बटण सेलवर चालणारा नेऊ नये. पेन्सिल सेल खेड्यातल्या दुकानातही मिळण्याची शक्यता जास्त.

उसाचा ताजा रस आंबट असतो, सामू (पीएच) ५.२ ते ५.४. चुन्याची निवळी थोडी थोडी घालत तो ६.४ च्या जवळ आणायचा, पट्टीने बघत. हात सैल सुटला की गूळ काळपट. ऊस तोडल्यावर २४ तासांत गाळला नाही तर साखर फुटते आणि ढेप बसत नाही, मऊ राहते. तिथल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर किती वेळ अडकतो, हे आधी बघितलं तर अर्ध्या तक्रारींचं मूळ काहिलीत नाही, तोडणीच्या वेळापत्रकात सापडेल. हायड्रॉस पावडर मात्र शिकवू नये. रंग उजळतो म्हणून इथे ती सर्रास पडते, आणि सल्फर डायऑक्साइडची ७० पीपीएमची (दहा लाख भागांत ७० भाग) मर्यादा कागदावर राहते. ही खोड निर्यात करायची गरज नाही.

एवढं करूनही एक गोष्ट गावातल्या बायकांना विचारल्याखेरीज कळत नाही. तिथल्या गुळाचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे ‘चांगआ’ ही गावठी दारू गाळणारे. गुऱ्हाळाचा उतारा वाढवला तर पैसा कुणाच्या घरी जातो आणि कुणाच्या घरातली भांडी फुटतात, हे ठरण्याआधी काहील पेटवू नये. म्हणून पहिले तीन-चार आठवडे नुसतं बघायचं, विचारायचं, त्यांच्या हाताखाली काम करायचं. तीन महिन्यांहून कमी वेळ असेल तर शिकवण्याच्या कामाला जाऊच नये. आणि पहिल्या दिवसापासून जोडीला गावातलाच माणूस हवा, जो आपण निघायच्या महिनाभर आधीपासून एकट्याने आधण उतरवत असेल.

कॉलेजांना आमची एकच मागणी आहे. सभागृह मागायला येणाऱ्या कंपनीने तीन कागद प्राचार्यांसमोर ठेवावेत: यजमान संस्थेचं कामाच्या तपशिलासह निमंत्रणपत्र, रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेली विमा पॉलिसी, आणि शुल्काची फोड. ते नसतील तर सभागृह नाही, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर जाहिरातही नाही.

आपले,
परदेशी स्वयंसेवेची तयारी करून घेणारे काही कार्यकर्ते,
कोल्हापूर